अवलंबून व्यक्ती : एक भाचा

४ जून

आत्या,

पाया पडतो. वाकलेलाच आहे असं समज, कारण पुढचं सगळं ताठ उभं राहून सांगण्यासारखं नाही.

आधी आनंदाची बातमी. आर्थिक नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तुला प्रवेश मिळाला आहे. ऑनलाइन, अर्धवेळ, दोन वर्षं. मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळी सात ते नऊ, रविवारी सकाळी. अर्ज तू केलेला नाहीस हे मला माहीत आहे. मी केला. तुझी पदवीची कागदपत्रं लॅमिनेशनला माझ्याकडे दिली होतीस ना, तीच जोडली. लॅमिनेशनही झालंय, काळजी नसावी.

आता कारण. माझ्या किल्ल्यांच्या टपरीसमोर चष्म्याचं दुकान आहे, हे तुला माहीत आहे. त्यात डोळे तपासणारी एक जण आहे, हे माहीत नाही. गेल्या चार महिन्यांत मी तिच्याकडून चार वेळा डोळे तपासून घेतले. चारही वेळा नजर सहा-बाय-सहा निघाली, म्हणजे तक्त्यावरची सगळ्यांत खालची, मुंगीएवढी ओळसुद्धा मला वाचता येते. चौथ्या वेळी मी मुद्दाम चुका केल्या, तर ती म्हणाली, तुम्ही दर तिसरं अक्षर चुकवताय, डोळे असे हिशोबाने बिघडत नाहीत. त्या दुकानात आता माझं नावच सहा-बाय-सहा पडलंय.

मग धीर करून तिला चहाला विचारलं. ती म्हणाली, वेळ नसतो. चष्म्याच्या दुकानात आयुष्य काढायचं नाही, लोकांच्या पैशांचं नियोजन करणारी व्हायचंय, त्याचा अभ्यासक्रम सुरू होतोय. मी म्हटलं, मीही येतो. ती म्हणाली, त्याला पदवी लागते.

आत्या, तिथे माझं डोकं सटकलं. मी कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं ते काही झेपत नव्हतं म्हणून नाही. सरांनी वर्गाबाहेर जा म्हटलं, मी गेलो, आणि परत ये असं मला आजवर कोणी म्हटलेलं नाही. पदवी माझ्याकडे नसेल, पण घराण्यात आहे. तुझ्याकडे. छत्तीस वर्षं नुसती पडून.

फोनवर सांगितलं असतं, पण तूच नियम केलायस की आपल्यापैकी कोणी ओरडणार असेल तर पत्र लिहायचं. या वेळी तू ओरडली असतीस.

तुला काही करायचं नाही. वर्गात कॅमेरा बंद ठेवता येतो. फक्त ओळखपत्र हातात धरून एक फोटो काढून पाठव. फोटोत हसू नकोस, अर्जात मी तुला गंभीर म्हटलंय.

तुझा
तडतड्या


११ जून

तडतड्या,

या वेळचा आशीर्वाद राखून ठेवला आहे.

दोन दिवस तुझ्या पत्राला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी एका बाईंची कवळी घासताना मला हसू फुटलं आणि वरचा सुळा जास्त घासला गेला. त्या बाई आता जन्मभर जरा कुत्सित हसणार आहेत. ते पाप तुझं.

मी अठ्ठावन्न वर्षांची बाई. दोन जिने चढून वर माझी खोली, खोलीत फळ्यांवर लोकांचे प्लास्टरचे जबडे, प्रत्येकाखाली ज्याचं त्याचं नाव. एका माणसाचा दात दुसऱ्याच्या तोंडात मी कधी जाऊ दिला नाही. आणि तू माझं नाव लावून शाळेत जाऊन बसलास. खरं तर तुला पोलिसात द्यायला हवं. पण दादा म्हणेल की तूच लाडावलंस, आणि तो म्हणतो ते खरं आहे, म्हणून नको.

फोटो सोबत आहे. मात्र ऐक. माझ्या नावाने बसलायस तर नापास व्हायचं नाही. मी पदवीला पहिल्या वर्गात होते. दर आठवड्याच्या टिपा मला पाठवायच्या, माझ्या डोक्यात काय भरलं जातंय ते निदान मला कळू दे. आणि त्या मुलीला लवकरात लवकर खरं सांग.

आत्या

ता. क. चक्रवाढ म्हणजे नक्की काय, ते टिपांत आलं तर आधी ते पाठव. बँकेतला माणूस वीस वर्षं मला ते सांगताना घड्याळाकडे बघतो आहे.


९ जुलै

आत्या,

वही सोबत आहे. चक्रवाढ पान चारवर. दोनदा लिहिलंय, कारण पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मला पटलं नव्हतं.

वर्गाचं सांगतो. मास्तरांचं पडद्यावर फक्त कपाळ दिसतं. वाईट बातमी असली की त्यावर आठ्या आधी येतात, आवाज नंतर. आम्ही बावीस जण आहोत, त्यात सगळ्यांत मोठी तू. बोलायची पाळी आली की मी टाईप करतो, घसा बसलाय. महिनाभर बसलाय म्हणून मास्तरांनी भर वर्गात तुला डॉक्टर गाठायला सांगितलं.

जोखीम किती सोसते, याची प्रश्नावली होती. बाजार तीस टक्के कोसळला तर काय कराल? विकाल, थांबाल, की आणखी घ्याल? मी 'इतर'वर टिचकी मारली आणि लिहिलं, कोसळवणाऱ्याला शोधून काढीन. त्यावर तुझा निकाल 'अतिआक्रमक' असा आला. एकसष्ट वर्षांच्या बाईंकडून शिका, असं मास्तर बाकीच्यांना म्हणाले.

आता मुख्य. आमच्या जोड्या लावल्या. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला ग्राहक मानून त्याच्या खऱ्याखुऱ्या आयुष्याची योजना करायची, आणि त्यावर ऑक्टोबरात तोंडी परीक्षा. यंत्राने चिठ्ठ्या काढल्या. तुझी जोडी तिच्याशी लागली. कळतंय का तुला? ती माझ्या म्हातारपणाची योजना करणार, म्हणजे तुझ्या, आणि मी तिच्या तरुणपणाची.

वर्ग सुटला की ती वेगळा निरोप पाठवते. मावशी, घसा कसा आहे. मला मावशी म्हणते. मग आम्ही तासभर लिहीत बसतो. तिच्या बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, ते थेंब घालायला विसरतात, तर मी रोज आठवण करतो. काल तिने आपणहून विषय काढला. म्हणाली, समोर एक किल्लीवाला आहे, त्याला सगळं दिसतं, कळत काही नाही. आत्या, हे नीट वाच. सगळं दिसतं, असं म्हणाली. माझी नजर तिच्या लक्षात आहे.

तुझ्या माहितीचा फॉर्म मीच भरला. थोडी सजावट केली. गुडघे गेलेत, आठवड्यातून तीनच दिवस काम होतं. अवलंबून व्यक्ती, एक भाचा. सोबतच राहतो. हात धरून जिना उतरवतो, औषधं वेळेवर देतो, स्वभावाने शांत, अविवाहित. ध्येय या रकान्यात लिहिलं, शांत आयुष्य. शोभतं तुला.

तिला खरं सांगणारच आहे. जरा मैत्री मुरू दे.

तुझा
तडतड्या


२५ जुलै

तडतड्या,

मी एकसष्ट नाही. माझे गुडघे तुझ्या डोक्यापेक्षा बरे आहेत, प्लास्टरच्या गोण्या मी अजून स्वतः वर चढवते. औषध म्हणून मी वर्षात एकदा डोकेदुखीची गोळी घेते, तीही तुझा वाढदिवस आला की. आणि शांत आयुष्य हवंय असं तुला कोणी सांगितलं? शांत आयुष्यच चाललंय गेली तीस वर्षं, जबड्यांबरोबर. ते बोलत नाहीत. मला मोटार चालवायला शिकायचंय. एकटीने लांबवर जायचंय, आणि वाटेत कोणी दिसलं तरी थांबायचं नाहीये. रकान्यात हे लिहायला हवं होतं. विचारायचंस.

चक्रवाढ समजली. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन त्या माणसाला समजावून आले. त्याने खुर्ची दिली.

मंगळवारी तुझ्या गावाला एका कामासाठी येऊन गेले. तुझ्या टपरीवर 'जेवायला गेलो आहे' अशी पाटी होती, सकाळी अकरा वाजता. हाताशी वेळ होता म्हणून समोरच्या दुकानात वाचायचा चष्मा करून घेतला. मुलगी कामाला पक्की आहे. प्रश्न नेमके विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. चष्मा नाकावर छान बसला आहे. बाकी विशेष नाही.

आत्या


२० ऑगस्ट

आत्या,

चष्मा केलास ते ठीक, पण तिथे खरं नाव नाही ना सांगितलंस? दोनदा विचारतोय. ती पावतीवर नाव लिहिते. तू हुशार आहेस, काहीतरी दुसरं सांगितलं असशील, असं मी धरून चाललोय.

आता ऐक, आणि ऐकताना हातात कोणाचा सुळा धरू नकोस. तिने तुझ्या योजनेचा मसुदा पाठवलाय. बत्तीस पानं. भाग सातवा, ग्राहकाच्या आयुष्यातल्या जोखमी. आजारपण, महागाई, छताची गळती, आणि या सगळ्यांच्या वर, जाड अक्षरांत, भाचा.

खाली कारणं दिलीत. तापट. शिक्षण अर्धवट. धंद्याच्या वेळात टपरी बंद ठेवतो. गरज नसलेल्या एकाच सेवेवर चार वेळा खर्च करतो. आत्या, यातलं मी फॉर्ममध्ये काहीही लिहिलं नव्हतं. उलट शांत लिहिलं होतं. नुसत्या अंदाजाने तिने इतकं हुडकलं, म्हणजे केवढं डोकं असेल बघ. राग आला तरी अभिमानही वाटला. जास्त रागच आला. एका गिऱ्हाइकाची तिजोरीची किल्ली मी त्या भरात इतकी कापली की तिने आता काहीच उघडणार नाही.

पुढे उपाय आहेत. जोखीम टाळता येते, कमी करता येते, दुसऱ्याच्या गळ्यात घालता येते, नाहीतर मुकाट पत्करावी लागते, हे वहीत पान एकवीसवर आहे. तिने लिहिलंय, भाच्याचं लग्न लावून दिल्यास जोखीम दुसऱ्या घराकडे जाईल, मात्र असं घर मिळणं अवघड. तोवर त्याला तीन महिन्यांच्या आत वेगळं राहायला लावावं. मी समासात, म्हणजे तू समासात, लिहिलंस, भाच्याला संधी द्यावी. तिने उत्तर दिलं, मावशी, तुम्ही भावनेने बघताय.

मीही तिच्या योजनेत कसर ठेवली नाही. सहा पानं. ग्राहकाने लग्न करावं. वर स्वतंत्र धंदा असलेला असावा, आणि त्याचं कामाचं ठिकाण ग्राहकाच्या कामाच्या ठिकाणापासून चौदा पावलांवर असावं, जाण्यायेण्याचा खर्च वाचतो. तिचा शेरा आला, दोन्ही उत्पन्नं एकाच गल्लीवर टेकलेली आहेत, उद्या गल्ली खणली तर घर उपाशी. मी हसलो होतो. परवा सकाळी पाइप टाकायला माणसं आली आणि गल्ली खणली. दोन दिवस एक गिऱ्हाईक नाही. ती खड्ड्यापलीकडून माझ्याकडे बघून मान हलवत होती.

लग्नाचा विषय निघाला, हे मात्र महत्त्वाचं.

तुझा
तडतड्या


२७ ऑगस्ट

तडतड्या,

बत्तीस पानं मी वाचली. दोनदा. भाग सातवा तीनदा. त्यात काही चूक सापडली नाही.

तुझी सहा पानंही वाचली. ही योजना आहे की स्थळाची जाहिरात, ते परीक्षकाला ठरवता येणार नाही. माझ्या नावावर हे जाणार आहे याची मला लाज वाटते.

तिला सांगितलंस का?

आत्या


५ सप्टेंबर

आत्या,

घात झाला.

तोंडी परीक्षेचं पत्रक आलं. बारा ऑक्टोबर. कॅमेरा सुरू. ग्राहकाने स्वतः समोर बसायचं, परीक्षक घर बघणार, फॉर्ममध्ये लिहिलेल्या अवलंबून व्यक्ती त्याच घरात हजर हव्यात, आणि 'सोबत राहतो' म्हणजे निदान महिनाभर सोबत राहत असलेला, घरमालकाच्या किंवा शेजाऱ्याच्या सहीने. माहिती खोटी निघाली तर ग्राहकाला काही होत नाही. शिक्षा नियोजकाला. माहिती पडताळून घेणं हे नियोजकाचं काम आहे म्हणे, त्याचा पेपर रद्द होतो.

म्हणजे तिचा. माझ्या थापांपायी तिचं वर्ष जाणार. तिने या फीसाठी तीन वर्षं साठवलंय, आणि दुकानाचा मालक तिला संध्याकाळी लवकर सोडतो ते फक्त या दोन वर्षांपुरतं. तिसऱ्या वर्षी नाही. म्हणजे वर्ष नाही, सगळंच जाणार.

मी काल रागाने त्या संस्थेला फोन केला. हा काय नियम आहे म्हटलं. पलीकडची बाई म्हणाली, आपण कोण? मी म्हटलं, विद्यार्थिनी. तिने फोन ठेवला.

आज दुकानात जाऊन सगळं सांगायचं ठरवलं होतं. खड्ड्यावरची फळी ओलांडून गेलो. ती म्हणाली, काय, पाचव्यांदा? मी म्हटलं हो. पाचव्यांदा डोळे तपासून परत आलो. तुला माझी लाज वाटते लिहिलंस, तर आता मलाही वाटायला लागली आहे, म्हणजे दोघांत वाटून घेऊ.

पोर्टलवर फॉर्ममध्ये दुरुस्ती करता येते, पण एकच. एकच रकाना, एकदाच. 'सोबत राहतो' हे खोडू ना? सांग लवकर. लॉगिनचं गुपित खाली लिहिलंय, तुला बघायचं असेल तर बघ.

तुझा
तडतड्या


१० सप्टेंबर

तडतड्या,

दुरुस्ती मी केली. वय अठ्ठावन्न करून टाकलं. ओळखपत्रावर जन्मसाल छापलेलं आहे, ते काही माझ्याने बदलणार नाही. बाकीचं आयुष्य बदलता येतं, म्हणून ते बदलायचं ठरवलंय.

फॉर्म खोटा आहे म्हणतोस, तर आपण तो खरा करू. आठवड्यातून तीन दिवस काम, असं तू लिहिलंस. गेल्या सोमवारपासून मी तीनच दिवस काम करते आहे. उरलेल्या दिवशी मोटार शिकते. शिकवणारा मला घाबरतो, पण ते अतिआक्रमकमध्ये बसतं. गुडघ्यांची चिंता होती, ती मिटली. परवा गोणी उतरवताना उजवा चांगलाच लचकला. जिन्यातच बसून हसले. शेजारच्या शिंप्याला वाटलं मी डोक्यावर आपटले.

राहिला भाचा. फॉर्ममध्ये तो सोबत राहतो, हात धरून जिना उतरवतो, आणि स्वभावाने शांत आहे. बारा ऑक्टोबरच्या आधी महिना भरायचा असेल तर तुला बारा सप्टेंबरला इथे असायला हवं. टपरीला कुलूप लाव. ती समोर दिसणार नाही, निरोप पाठवता येणार नाहीत, कारण लॉगिनचं गुपित मी बदललं आहे. यापुढे मावशी मी.

यायचं नसेल तर येऊ नकोस. मग त्या मुलीचं काय व्हायचं ते होईल.

येताना गाळणी आण, इथली फाटली आहे.

आत्या


११ सप्टेंबर

आत्या,

गुपित बदललंस. माझं. म्हणजे तुझं. हे लिहिताना पेनाचं टोक मोडलं, आता पेन्सिलने लिहितोय. कोणाला विचारून? वय खोडायची गरज काय होती, परीक्षकाला मी सांभाळून घेतलं असतं. मी येणार नाही. माझा धंदा आहे, माझी गिऱ्हाइकं आहेत, आणि गल्ली परवाच बुजवली आहे.

हे पत्र पेटीत न टाकता मी स्वतःच घेऊन येतोय. उद्या सकाळी पोचेन. गाळणी घेतली आहे.

तुझा
अवलंबून


१६ ऑक्टोबर

(चष्म्याच्या दुकानात, डोळे तपासणाऱ्या बाईंना)

तुम्हाला,

मायना काय लिहावा यात अर्धा तास गेला, म्हणून तो सोडून दिला.

बारा तारखेला पडद्यावर मावशींच्या मागे स्टुलावर बसलेला, तोंडात पत्र्याची वाटी आणि वाटीत गुलाबी लगदा असलेला इसम तुम्हाला दिसला असेल. तो मी. सहा-बाय-सहा. समोरचा किल्लीवाला. त्या माझ्या आत्या आहेत. आत्यांनी परीक्षकांना सांगितलं की ग्राहकाच्या व्यवसायाचा पुरावा म्हणून दातांचं माप घेणं सुरू आहे. खरं कारण वेगळं होतं. मी मध्ये बोललो तर तुमचा पेपर जाईल, हे त्यांना माहीत होतं, आणि मी बोलल्याशिवाय राहणार नाही, हेही. एरवी तो लगदा तीन मिनिटांत काढतात. त्यांनी चौदा वेळा भरला.

तुम्ही चाळीस मिनिटं परीक्षकांना समजावून सांगितलंत की या घरातली सगळ्यांत मोठी जोखीम मी का आहे. माझ्याकडे बघत सांगितलंत. एकदाही अडखळला नाहीत. परीक्षक म्हणाले, भाचा शांत दिसतो. तुम्ही म्हणालात, सध्या दिसतो.

नंतर आत्यांना माझ्या सहा पानांवर विचारलं. चौदा पावलांचा मुद्दा कशाच्या आधारावर मांडलात? त्या म्हणाल्या, एका बेजबाबदार माणसाच्या सांगण्यावरून, आणि चष्मा पुसत बसल्या. मला वाटीतून सांगायचं होतं की पावलं मी स्वतः मोजली आहेत.

तुमचा निकाल आत्यांनी सांगितला. तुम्ही पास झालात. मग आता खरं लिहितो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मंगळवार, गुरुवार आणि रविवार तुमच्याशी जी मावशी लिहीत होती ती मी होतो. घसा कधीच बसला नव्हता. तुम्ही वाफ घ्या म्हणालात तेव्हा मी घेतली होती, तेवढंच खरं. तुम्ही माझ्याबद्दल मावशीला जे बोललात ते सगळं मी ऐकलंय, आणि तुम्ही संस्थेत तक्रार केलीत तर मी उलट बोलणार नाही. प्रॅक्टिस झाली आहे.

एक तारखेला टपरी उघडतोय. मी मागे लागलोय असं समजू नका. आत्या तुमच्या योजनेची अंमलबजावणी करतायत, त्या मला घराबाहेर काढतायत.

तडतड्या


२३ ऑक्टोबर

मावशी म्हणायची सवय लागली आहे, ती हाताला वळण लागल्यासारखी सुटत नाही. तेव्हा माझाही मायना राहू दे.

मला बावीस जुलैपासून माहीत आहे. त्या दिवशी एक बाई वाचायचा चष्मा करायला आल्या. नाव विचारलं, तर माझ्या ग्राहकाचं नाव. वय अठ्ठावन्न, आवाज खणखणीत, आणि दोन-दोन पायऱ्या एकदम चढून आल्या. मी म्हटलं, मावशी, घसा बरा झाला? त्या म्हणाल्या, घसा समोर जेवायला गेलाय. मग त्यांनी सगळं सांगितलं. चष्म्याला पन्नास मिनिटं लागली. माझ्या बत्तीस पानांतली माहिती त्या पन्नास मिनिटांतली आहे, तुमच्या फॉर्ममधली नाही. नियोजकाने पडताळणी करायची असते, ती मी केली.

तक्रार मी तीनदा लिहिली. तिसऱ्यांदा लिहीत होते तेव्हा मावशीचा निरोप आला, बाबांनी थेंब घातले का. ते विसरले होते. तक्रार तशीच राहिली. मावशीशी मी पुढेही लिहीत राहिले, कारण घरी-दारी कोणी इतकं विचारत नाही. ती कोण आहे हे माहीत असूनही लिहिलं, हे मला नंतर फार विचित्र वाटलं, आणि तुम्हाला सांगायचं नव्हतं. भाग सातवा मात्र तुम्ही वाचावा म्हणूनच लिहिला होता. त्यावर तुम्ही समासात स्वतःची शिफारस केलीत.

वय खोडा, असं मावशींना मीच सुचवलं. 'सोबत राहतो' खोडलं असतं तर तुम्ही गल्लीतच राहिला असतात. समोर तुम्ही नसलात तर कसं वाटतं, ते मला एकदा बघायचं होतं. पहिले दोन आठवडे फार छान गेले. कोणी काचेतून बघत नव्हतं, मी दोन प्रकरणं वाचून संपवली. तिसऱ्या आठवड्यात एक गिऱ्हाईक आलं, मी त्याला सगळ्यांत खालची ओळ वाचायला लावली. त्याला नाही वाचता आली. मला त्याचा इतका राग आला की मालकाने मला पाणी आणून दिलं. यातून काय निष्कर्ष काढायचा ते मी अजून ठरवलेलं नाही. घाई करू नका.

आता तुमच्या सहा पानांचे गुण. पन्नासपैकी एकोणीस. मावशींच्या नावावर आहेत, त्या तुमच्यावर भडकलेल्या आहेत, पुढच्या सत्रापासून त्या स्वतः बसणार आहेत, कॅमेरा लावून. हिशोब तुमचे बरोबर आहेत. बेरजा वजाबाक्या सगळ्या जुळतात. शेवटचा निकष आहे, ग्राहकाला त्याची ध्येयं विचारली का? त्याला पंधरा गुण होते. त्यात शून्य. परीक्षकांनी समासात लिहिलंय, नियोजकाला सगळं आधीच माहीत आहे असं दिसतं.

मावशी रोज विचारायची. नियोजकाने एकदाही विचारलं नाही. कोणाशी लग्न करावं, किती पावलांवर करावं, म्हातारपणी कुठे राहावं, सहा पानं भरून सांगितलंत. मला काय हवंय, हा प्रश्न त्यात कुठेही नाही.

एक तारखेला आलात की आधी टपरी उघडा. दुकानात नंतर. डोळे तपासायला येऊ नका.


२७ ऑक्टोबर

तुम्हाला,

पहिल्या कागदावर मी तुमच्या पत्राला सविस्तर उत्तर लिहिलं होतं. एकोणीस गुण कसे अन्यायाचे आहेत, यावर दीड पान होतं. ते फाडलं. दुसऱ्यावर, तिसऱ्या आठवड्यातल्या त्या गिऱ्हाइकाबद्दल मी काय निष्कर्ष काढला, ते होतं. तेही फाडलं. आत्या पलीकडे बसून आपल्या पुस्तकातलं पाचवं प्रकरण वाचतायत आणि कागद फाटल्याचा आवाज आला की चष्म्यावरून बघतायत.

तर एवढंच.

तुम्हाला काय हवं आहे?

खाली जागा सोडली आहे. मी तिथे काही लिहिलेलं नाही. लिहावंसं फार वाटलं, पेन्सिल टेकवलीही होती, तो ठिपका दिसेल, त्याला अर्थ नाही. जागा कमी पडली तर मागची बाजूही कोरी आहे.